एव्हो ८ : १५ व्होल्टचा सेल मिळत नाही, काटाही अडकतो

रेडिओवेडा_पुणे:
मामांचा एव्हो मॉडेल ८, म्हणजे जुना काट्याचा मल्टिमीटर, माझ्याकडे आलाय. त्यांनी हयातभर त्यावर रेडिओ दुरुस्त केले, म्हणून तो मला चालता हवाय, शोकेसमध्ये नको. डीसी व्होल्ट बरोबर दाखवतो. ओहमच्या (रोध मोजायच्या) ×१ रेंजला दोन्ही टोकं जोडली की काटा शून्यावर येतो, ×१०० ला जागचा हलत नाही. आत १५ व्होल्टच्या बी१२१ सेलची जागा रिकामी आहे, सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर हिरवा थर. पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, विचारलं, आता येत नाही म्हणाले. शिवाय काटा मध्येच अडकतो. जुन्या बाजारात एक बंद मीटर बघून ठेवलाय, त्याची मूव्हमेंट (काटा, कॉइल आणि चुंबकाचा भाग) काढून बसवू का?

टेस्टबेंच:
मूव्हमेंटला अजिबात हात लावू नका! व्होल्ट बरोबर येतात म्हणजे कॉइल शाबूत आहे. ×१०० ला वेगळा १५ व्होल्टचा सेल लागतो, तो नाही म्हणून काटा मेलेला. सीआर२०१६ चे (तीन व्होल्टचे बटन सेल) पाच सेल एकावर एक ठेवून हीटश्रिंकमध्ये, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत, घट्ट बसवा. त्या रेंजला करंट मायक्रोअँपमध्येच लागतो, त्यामुळे बटन सेल आरामात पुरतात. सेलला थेट सोल्डर करू नका, उष्णतेने फुटू शकतात. हिरवा थर फायबर पेनने खरवडून स्पिरिटने पुसा.

अडकणाऱ्या काट्याचं बहुतेक कारण म्हणजे चुंबकाच्या फटीत गेलेला लोखंडाचा कण. काटा नेमका एकाच जागी थांबतो का ते बघा. तसं असेल तर चिकटपट्टीची बारीक टोकदार घडी करून तो कण अलगद उचला. टेबलावर आधी पांढरा कागद अंथरा आणि आसपास कानशीचं काम झालेलं नको. फुंकर तर मारूच नका, कण आणखी आत जातो.

रेडिओवेडा_पुणे:
एकाच जागी, साधारण तिसऱ्या हिश्शावर. मग तो बंद मीटर सोडून देऊ?

कोल्हापूर_व्हॉल्व्ह:
स्वस्तात देत असेल तर घ्या दादा. काच, नॉब, झाकणाचे स्क्रू नंतर शोधून सापडत नाहीत. त्याची कॉइल तपासायची तर दुसरा मल्टिमीटर ओहमला लावून नको, जळू शकते. दीड व्होल्टचा सेल आणि सिरीजमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे १५ मायक्रोअँप. काटा हलला तर कॉइल जिवंत. आणि घरी आणताना मूव्हमेंटची दोन टोकं तारेने शॉर्ट करा, गाडीच्या धक्क्यांत काटा कमी हेलकावतो.