शब्दचर्चा: ‘ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी’ला मराठीत काय म्हणावं?

पडवीतला प्रोग्रामर (गुहागर)
मंडळी एक शब्द अडलाय. चिपळूणला डिप्लोमाच्या पोरांना आठवड्यातून दोनदा जावा शिकवायला जातो, त्यांच्यासाठी मराठीत नोट्स काढतोय. क्लास, लूप, ऑब्जेक्ट वगैरे तसंच ठेवलं, त्याला कोण हरकत घेणार, पण मेव्हनच्या (जावाचा प्रोग्राम बांधायच्या साधनाच्या) धड्यात ‘ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी’ आलं आणि गाडं अडलं. पोरं शब्द पाठ करतात, अर्थ विचारला की छताकडे बघतात. भाषांतराच्या एका यंत्रात टाकून बघितलं तर ‘सकर्मक अवलंबित्व’ आलं!! म्हणजे लायब्ररी हे क्रियापद झालं.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी: आपण प्रोजेक्टच्या फाइलीत एका लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडचं, नाव लिहितो, तिला चालायला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. मेव्हन या सगळ्या आपल्याला न विचारता खेचून आणतं. २००५ ला मेव्हन २ आलं त्याच्या आधी ही सोय नव्हती, एकेक जार (लायब्ररीची फाइल) शोधून हाताने लिहावी लागायची. तर ही जी दुसरी तिसरी न बोलावता घरात येते, तिला काय म्हणू?

निवृत्त मास्तर
यंत्राला फार हसू नका, चूक झाली पण घर तेच आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘पलीकडे जाणे’. व्याकरणात क्रिया कर्त्याकडून कर्मापर्यंत पलीकडे जाते म्हणून ते सकर्मक, गणितात अ चा ब शी आणि ब चा क शी जो संबंध तोच अ चा क शी लागतो म्हणून तिथेही तोच शब्द. हिंदी माध्यमाच्या बारावीच्या गणितात ‘संक्रामक संबंध’ म्हणतात. शब्द चोख आहे, आपल्या मकरसंक्रांतीतलाच धातू, पण मराठी कानाला संक्रामक म्हटलं की साथ आली असं वाटतं.

गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे. ‘डिपेन्ड’चा लॅटिनमधला मूळ अर्थ खाली लोंबणे. आणि आपल्या ‘अवलंब’मध्ये अव म्हणजे खाली आणि लंब् म्हणजे लोंबणे. दोन्हीकडच्या माणसांनी लोंबकळणारी वस्तू बघूनच हा शब्द काढला. तेव्हा अवलंबित्व ठेवा, प्रश्न फक्त ‘ट्रान्झिटिव्ह’चा आहे.

मालवणी खाजा
ह्येका बांडगूळ म्हणा आणि सोडा. आंब्यार न विचारता येता, खाता पिता, जाणा नाय.

पडवीतला प्रोग्रामर
खाजाभाऊ, आवडलं असतं पण दिशा उलटी होते ना. बांडगूळ आंब्यावर जगतं, आंब्याला त्याची गरज शून्य, काढलंत तर आंबा खूशच होईल. इथे आपण लायब्ररीवर लोंबतोय, ती काढली तर पडणार आपण.

मी पोरांना मिरवेल सांगतो. आमच्या मावशीचं श्रीवर्धनला आगर, पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले. मिरवेल पोफळीच्या आधारावर, पोफळ पाटाच्या पाण्यावर. मिरीला कुणी वेगळं शिंपत नाही, पण पंप आठ दिवस बंद पडला तर मिरीपण सुकते, आणि मावशी म्हणते मिरीला काय झालं कळत नाही, तर झालेलं असतं पंपाला! ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, वेलांवर वाऱ्याने थेट काही केलं नव्हतं तरी सगळे जमिनीवर. एरर मिरीच्या फाइलीत दिसतो, बिघाड तीन पायऱ्या खाली. हे पोरांना पटकन कळतं, पण यातून शब्द काही निघत नाही, मिरवेल म्हणजे तर आपणच झालो.

टेबलवाली
एक मिनिट, डिप्लोमाच्या पोरांना हाच शब्द डेटाबेसच्या पेपरातपण येतो आणि तिथे तो वेगळा आहे, नोट्समध्ये वेगळं लिहा नाहीतर घोळ. डेटाबेसवाल्या कॉडने १९७१ मध्ये थर्ड नॉर्मल फॉर्म (टेबलं कशी पाडायची त्याचा नियम) मांडला त्यातला. विद्यार्थ्यावरून तालुका कळतो, तालुक्यावरून जिल्हा, म्हणजे जिल्हा विद्यार्थ्यावर आडून अवलंबून, तो विद्यार्थ्याच्या टेबलात ठेवायचा नाही. मी उदाहरण देते १ मे १९८१ चं. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. तालुक्याचं टेबल वेगळं असेल तर मालवण, कुडाळ, देवगड अशा मोजक्या ओळी बदलायच्या, नाहीतर तिथल्या प्रत्येक पोराच्या ओळीत रत्नागिरी खोडून सिंधुदुर्ग लिहीत बसा आणि चार ओळी राहूनच जाणार. तिथे वस्तू येत जात नाही, फक्त माहिती कळते. तुमच्याकडे अख्खी जार येऊन बसते.

देवगड ते हिंजवडी
टेबलवाली ताईंचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बिल्डवाले, म्हणजे कोडचा प्रोग्राम बांधणारे आम्ही, ‘ट्रान्झिटिव्ह’ नाम म्हणूनच वापरतात, “ही डायरेक्ट आहे का ट्रान्झिटिव्ह” असं त्या जारबद्दल बोलतो, संबंधाबद्दल नाही. म्हणून माझं मत पोटभाडेकरू. करार माझा भाडेकरूशी, पोटभाडेकरूचं नावही मला माहीत नाही, पण राहतो माझ्याच घरात आणि त्याने गॅस चालू ठेवला तर जळणार माझंच घर. डिसेंबर २०२१ आठवा, लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा आमच्या टीमने छातीठोक सांगितलं आपण वापरतच नाही, मग डिपेन्डन्सी ट्री काढली तर तीन ठिकाणी आत बसलेलं. २.१५ टाकलं, मग २.१६, मग २.१७, सगळं त्याच महिन्यात, नाताळला घरी यायचं तिकीट वाया गेलं. नंतर शहाणपण आलं आणि मेव्हनच्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये व्हर्जन एकदाच लिहून टाकली, मग ती कुणाच्याही मागून येवो, येणार आपण सांगितलेलीच.

निवृत्त मास्तर
पोटभाडेकरूत एक खोट आहे. सातबाऱ्यावरचा पोटहिस्सा घ्या, पोटकलम घ्या, पोटजात घ्या, ‘पोट’ म्हणजे मोठ्याचा तुकडा. ही दुसरी लायब्ररी पहिलीचा तुकडा नाही, स्वतंत्र बाई आहे. शिवाय पोटभाडेकरूला भाडेकरूची गरज, भाडेकरूला त्याची नाही. पडवीवाल्यांचा बांडगुळाचा आक्षेप तुम्हालाही लागू.

न्यायशास्त्रात (तर्काच्या, कोर्टाच्या नव्हे) यासाठी नेमकी जोडी आहे, साक्षात् म्हणजे थेट संबंध आणि परंपरा म्हणजे मधल्या दुव्यातून आलेला संबंध. परंपरा म्हणजे मुळात एकामागून एक. तेव्हा साक्षात अवलंबित्व आणि परंपरित अवलंबित्व.

मालवणी खाजा
मास्तर, परंपरित म्हटला काय माका गावची पालखी दिसता.

निवृत्त मास्तर
खरं आहे. दिसते खरी.

नोडमधली नवरी
कुणालाच पाठराखीण आठवली नाही?? लग्नात नवरीबरोबर सासरी जाते ती. आमंत्रण नवरीला, पण ती एकटी येत नाही, तिला सोबत लागते, आणि सासरच्यांना पाठराखिणीचं नाव ती दारात आल्यावर कळतं. तुकडा नाही, बांडगूळ नाही, नवरीला तिची खरी गरज. आणि लायब्ररी स्त्रीलिंगी, त्यामुळे वाक्यात पण नीट बसते.

आमच्या एनपीएमच्या (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठाराच्या) जगात तर पाठराखिणीची पाठराखीण, तिची पण पाठराखीण. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रागाने काढून घेतलं आणि बेबेल, रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची साधनं वापरणाऱ्यांचे बिल्ड जगभर आडवे झाले, त्यातल्या बहुतेकांनी लेफ्टपॅड हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. कुठलीतरी चौथी पाठराखीण माहेरी परतली आणि मांडव कोसळला. शेवटी काढलेलं पॅकेज एनपीएमने स्वतः परत ठेवलं.

देवगड ते हिंजवडी
पोटभाडेकरू मागे घेतो. हे बसतंय. ग्रेडल या मेव्हनसारख्याच दुसऱ्या साधनातला ‘एपीआय’ आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ पण यात सांगता येईल. एपीआय म्हणजे पाठराखीण ओटीवर येऊन बसते, आल्यागेल्याला दिसते. इम्प्लिमेंटेशन म्हणजे माजघरात, बाहेरच्याला कंपाइलच्या वेळी दिसत नाही, पण रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, पान तिचंही मांडावंच लागतं.

आणि नवी पोरं एक चूक हमखास करतात तीही घ्या. पाठराखीण घरात आहेच तर तिलाच कामाला लावतात, म्हणजे ट्रान्झिटिव्हने आलेल्या जारमधला क्लास सरळ आपल्या कोडमध्ये इम्पोर्ट. उद्या नवरी नव्या व्हर्जनला दुसरीच पाठराखीण घेऊन आली की तुमची चूल बंद. तिच्या हातचं जेवायचं असेल तर तिला आपल्या नावाने आमंत्रण द्या, फाइलीत डायरेक्ट लिहा. मेव्हनचं डिपेन्डन्सी ॲनालाइझ चालवलं की अशा आमंत्रण नसताना राबणाऱ्या सगळ्यांची यादी देतं. एक्स्क्लूजन म्हणजे अर्थातच “नवरी येऊ दे, तिला आणू नका”, पण हे बोलण्याआधी नवरीचं तिच्यावाचून खरंच चालेल ना ते बघा, नाहीतर रनटाइमला क्लास सापडत नाही म्हणून रडारड.

टेबलवाली
फक्त एकच, पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. ही जात नाही.

नोडमधली नवरी
ताई तेवढं सोडा, मांडव परवडत नाही आजकाल चार दिवसांचा.

पडवीतला प्रोग्रामर
काल वर्गात वापरून बघितला. नोट्समध्ये पहिल्यांदा ‘ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी’ पूर्ण लिहिलंय, कारण परीक्षेत तेच येणार, त्यापुढे सगळीकडे पाठराखीण. मास्तरांचं ‘साक्षात’ डायरेक्टसाठी घेतलं नाही, ‘बोलावलेली’ असं लिहिलं, माफी असावी. छताकडे कुणी बघितलं नाही. उलट मागच्या बाकावरचा एक, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला सर दोन जावांनी एकाच नावाची पाठराखीण आणली, एक जुनी व्हर्जन एक नवी, तर घरात कुठली घ्यायची? म्हटलं मेव्हनकडे जी जवळची ती राहते, म्हणजे कमी पायऱ्यांवरून आलेली, मग ती जुनी का असेना, आणि पायऱ्या सारख्याच असतील तर जिच्या नवरीचं नाव फाइलीत आधी तिची. ग्रेडलकडे सरळ नवी व्हर्जन जिंकते. तर तो म्हणाला आणि धाकटीला जुनीची सवय नसली तर? म्हटलं मग ‘नो सच मेथड एरर’, आणि तो एरर फुटतो धाकटीच्या कोडमध्ये, पाठराखिणीच्या नाही. वर्ग दहा मिनिटं हसत होता, मला वाटतं त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरात दोन जावा आहेत.

मालवणी खाजा
दोन जावा म्हणजे जावा आठ आणि जावा सतरा?

पडवीतला प्रोग्रामर
खाजाभाऊ, तो पुढचा धडा.