बुकर टी. वॉशिंग्टन की डू बॉइस? पोरांपुढे कसं मांडू?

ताडीवाला रोड अभ्यासिका:

जय भीम. ताडीवाला रोडला वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. रविवारी सगळ्यांना बसवून एखादा विषय घेतो. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स झाले, ती जोडी पोरांना यूट्यूबमुळे आधीच ठाऊक होती. आता त्यांच्या आधीच्या पिढ्यांमधला वाद घ्यायचाय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आधी धंदा-कसब कमवावं (हे वॉशिंग्टनचं म्हणणं) की आधी मत आणि समान हक्क मागावेत (हे डू बॉइस यांचं)?

नुसता विषय सांगितला तर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, वॉशिंग्टनचंच बरोबर. हाताला काम नसेल तर हक्क घेऊन काय करू?" तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिला पुस्तकी उत्तर देऊन गप्प करायचं नाहीये. मला मात्र मनापासून डू बॉइस पटतात. तिला पटेल असं कसं सांगू?

फिटर मास्तर:

ताई, मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो, तेव्हा आधी वॉशिंग्टनच्या बाजूने बोलतो. हा माणूस १८५६ साली गुलामीत जन्मला. १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीची शाळा सुरू केली. इमारती उभ्या करायच्या तर विटा हव्यात, म्हणून विद्यार्थ्यांनाच विटा पाडायला लावलं. तीन भट्ट्या वाया गेल्या आणि पैसे संपले. मग यांनी माँटगोमेरीला जाऊन स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. पुढे आजूबाजूचे गोरेही तिथे विटा घ्यायला यायला लागले.

आमच्या वर्कशॉपमध्ये पोरगं आठवडाभर कानस घासतं. मग एक दिवस घासलेल्या जॉबला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरतं आणि मधून उजेडाची रेघ दिसत नाही. त्या क्षणी त्याची मान कशी ताठ होते ते मी रोज बघतो. वॉशिंग्टनना हे कळलं होतं. तुमच्या मुलीला आधी हे सांगा, कारण तिचं म्हणणं खोटं नाही.

मग विचारा, कमावलेलं राखायचं कुणाच्या जोरावर? १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात वॉशिंग्टन म्हणाले होते की सामाजिक बाबतीत आपण हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू शकतो आणि प्रगतीच्या कामात हातासारखे एक. गोऱ्या श्रोत्यांनी भाषण डोक्यावर घेतलं. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. नोव्हेंबर १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला काय झालं ते नक्की सांगा. तिथे कृष्णवर्णीयांची दुकानं होती, कारागीर होते, स्वतःचं वर्तमानपत्र होतं, नगर कारभारात माणसं होती. हत्यारबंद गोऱ्यांनी वर्तमानपत्राची कचेरी पेटवली, माणसं मारली आणि निवडून आलेल्यांना धाक दाखवून राजीनामे घेतले. हातात कसब होतं, गाठीला पैसा होता. वाचवायला कुणी आलं नाही.

नाना पेठकर:

मास्तरांशी सहमत. पण वॉशिंग्टनना लाचार ठरवू नका, पोरं लगेच तसं करतील. १९०१ मध्ये अलाबामाने नवं संविधान आणून साक्षरता, मालमत्ता, मतदान-कर अशा अटी घातल्या आणि कृष्णवर्णीयांना मतदार यादीतून जवळजवळ पुसून टाकलं. त्याविरुद्ध तिथले एक कृष्णवर्णीय, जॅक्सन गाइल्स, कोर्टात गेले. त्या खटल्याला वॉशिंग्टन यांनी गुपचूप पैसा पुरवला. १९०३ मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला. म्हणजे मताची किंमत त्यांना कळत होती, फक्त उघड बोलले असते तर शाळेचे देणगीदार आणि शेजारी दोन्ही गेले असते. माझा आक्षेप इथेच आहे. लाखो लोक ज्यांचा शब्द मानतात, त्यांनी जाहीर सभेत एक आणि बंद दाराआड दुसरं करावं, तर त्या लोकांनी कुठल्या शब्दावर उभं राहायचं?

डू बॉइस पण सुरुवातीपासून लढवय्ये नव्हते. हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. नीट अभ्यास करून पुरावे मांडले की गोऱ्यांचं अज्ञान जाईल, असा त्यांचा विश्वास होता. १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या जमावाने जाळून मारलं. त्यावर शांत शब्दांत लिहिलेलं पत्र घेऊन डू बॉइस अटलांटातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले. होज यांच्या बोटांचे सांधे पुढच्या एका किराणा दुकानात मांडून ठेवलेत, असं वाटेत कळलं. ते तिथूनच मागे फिरले. १९०३ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनवर जाहीर टीका केली, १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थापनेत होते. हा प्रसंग वगळून डू बॉइस शिकवू नका, नाहीतर ते नुसते शिकलेले टीकाकार वाटतात.

ताडीवाला रोड अभ्यासिका:

दोघांचे आभार. सांध्यांचं ऐकून लहान मुलं घाबरतील, त्यांना वेगळं बसवते. आपल्याकडचं काही जोडू का?

नाना पेठकर:

जोतीराव आहेत ना! १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. ते स्वतः बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं आणि त्यात शेतीचं जुजबी ज्ञानही असावं म्हणाले. धंदा की हक्क, असा पेच त्यांनी मानलाच नाही. शिवाय बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांचं उत्तरही आलं.

फिटर मास्तर:

ताई, अजून एक, त्या मुलीसाठीच. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये लिहिलं होतं की टस्कीगीत शिकवणारे शिक्षक कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधून शिकून आलेत, ती कॉलेजं नसती तर टस्कीगी एक दिवस चालली नसती. मी स्वतः डिप्लोमा केला म्हणून आज कानस धरायला शिकवतो. तिला विचारा, वस्तीतल्या पोरांना काम शिकवणारी माणसं कुठून आणायची, आणि त्यांच्या कॉलेजच्या जागा आणि फी ठरते त्या टेबलावर आपलं कोण बसलंय?