मदत हवी आहे: गावची नाचणी, कुळीथ गावातच परवडेल अशा भावात कसं विकायचं?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. आम्हा बायकांचा बचत गट आहे. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, थोडी वरी, आणि भात कापल्यावर मळ्यात उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा असं पिकवतो. खत शेणाचं, फवारणी नाही. हौस म्हणून नव्हे हो, एवढ्याशा तुकड्याला औषध मारणं परवडतच नाही.

हा सगळा माल मुंबईला जातो. चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात येतात, पिशव्या भरून नेतात, भावही विचारत नाहीत. गावात मात्र रेशनवर माणशी पाच किलो धान्य 2023 पासून फुकट, आणि आमच्या दुकानात बहुतेक तांदूळच येतो. फुकटच्या तांदळापुढे नाचणी महाग वाटणारच. मग दुपारी डाळभात, सकाळी चहा-बटर आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. जिच्या वरकशीत नाचणी डोलते तिच्या घरीसुद्धा हेच.

100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, कुळथात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं, हे बैठकीत सांगून झालंय. सगळ्या माना डोलावतात. अडतं ते पैशावर आणि कटकटीवर.

यंदाची मळणी झाली की आठवडा बाजाराच्या दिवशी गावातच मांडून बसायचं ठरवलंय. पण भाव काय लावू? 2025-26 चा नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये, म्हणजे किलोला जेमतेम 49. मुंबईकर तीच ऐंशीने आनंदाने नेतो. गावात पन्नासने देऊ म्हटलं तर गटातल्या दोघी-तिघी विचारतात, "आम्ही काय धर्मादाय उघडलाय?" त्यांचंही खरं आहे. लावणी, बेणणी, वानर-डुकरांपासून राखण, कणसं खुडणं, झोडणं, सगळं हातानेच करायचं.

दुसरं दळणाचं. पाच-सात किलो नाचणी वेगळी दळायला गिरणीवाला तोंड वाकडं करतो. निवडण्यात एखादा खडा राहिला की भाकरी कचकचते, गिऱ्हाईक परत फिरकत नाही. कुळथाची तऱ्हा आणखी वेगळी. पाऊस सुरू झाला की भुंगा लागतो, आणि खायच्या धान्यात गोळ्या घालायच्या नाहीत.

शिवाय जून-जुलै. ट्रॉलर बंद, घाटावरची भाजी कडाडलेली. ज्याने आगोटीचं, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीचं, सुकट, बोंबील भरून ठेवलेत तो निभावतो. मजुरीवरच्या घरात एकदम भरायला पैसे कुठले?

कृपया "शासकीय योजनांचा लाभ घ्या" एवढंच लिहून जाऊ नका. कुठल्या कचेरीत कोणाला भेटायचं तेही लिहा.

– खाडीकाठची

सड्यावरची: ताई, आमच्या गटात दोन भाव आहेत आणि दोन्ही फळ्यावर उघड लिहिलेले असतात. गावाला हमीभावाच्या वर दोन-तीन रुपये, बाहेरच्याला बाजारभाव. बाहेरच्या विक्रीतले किलोमागे ठरलेले पैसे पेटीत पडतात आणि जिचा माल गावभावाने गेला तिला त्यातून फरक मिळतो, म्हणजे कोणी एकटी धर्मादाय करत नाही. फक्त गावभावाला महिन्याची मर्यादा घाला. नाहीतर कोणाचा तरी पुतण्या गावभावाने पोतं उचलून दादरला विकून येतो. अनुभव आहे!

मालवणी खाजा: मी तर म्हणतंय, रेशनचो तांदूळ घेवा आणि नाचणो देवा. लोकांका पैसेच मोजूचे लागाचे नाय.

कातळशिल्प: खाजा, भलता सल्ला देऊ नका. रेशनचं धान्य असं फिरवणं बेकायदा आहे, लोकांची कार्डं जातील आणि गटाचं नाव खराब होईल ते वेगळंच.

ताई, कचेऱ्यांचं विचारलंत म्हणून सांगतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्यही आहे. कर्नाटक सरकार शेतकऱ्यांकडून हमीभावाने नाचणी घेऊन दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर देतं. म्हणून ग्रामसभेचा ठराव करून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, पोच घ्या आणि लगेच काही होईल या आशेवर मात्र राहू नका. त्यापेक्षा शाळा जवळची. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटून आठवड्यातून एकदा कुळथाची उसळ तुमच्या मालाची होईल का ते विचारा. अंगणवाडीसाठी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जावं लागेल. तिथे आधी सेविकेला घेऊन जा, एकट्या गेलात तर "साहेब दौऱ्यावर आहेत" हेच ऐकाल.

हापूसवाला: दळणाचं माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे. आमच्या कलमांच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, पोराबाळांसकट. त्यांना इथलं रेशन नाही, सगळं वाण्याकडून रोखीने. आणि नाचणीच्या पिठाचा ढिंडो हे त्यांच्या डोंगरातलं घरचंच जेवण! मागे एकाने वाण्याकडे पीठ मागितलं, तर वाण्याने शहरातलं चकचकीत पाकीट पुढे केलं. किंमत बघून बिचारा मैदा घेऊन आला. आजूबाजूच्या बागायतदारांना विचारून महिन्याची मागणी एकत्र करा. तीस-चाळीस किलो एकदम आलं की गिरणीवाला स्वतःहून जातं साफ करून देईल, आणि गावातलं किरकोळ दळणही त्याच पाळीत उरकेल. यांनाही गावभावच लावा, एवढी विनंती.

आजीचा नातू: आजी म्हणते कुळीथ कडक उन्हात दोन-तीन दिवस तापव, पूर्ण निवू दे (गरम भरलेस तर घाम सुटतो), मग चुलीची चाळलेली राख चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भर. नाहीतर सरळ मे महिन्यातच थोडे भाजून भरडून पिठी करून ठेवा.

पावसाळ्यासाठी माझं डोकं: गटाने एप्रिल-मेमध्ये बंदरावरून सुकट घाऊक घ्यावं आणि जुलैत छटाक-छटाक विकावं. मजुराला एकदम किलोभर झेपत नाही, वीस रुपयांचं झेपतं. फणसाच्या आठळ्याही मातीत घोळवून ठेवा. टाकळा, कुर्डू, भारंगी तर फुकट आहे, पण हल्ली तरण्या पोरींना ओळखता येत नाही. मांडणीवर एखाद्या म्हातारीला बसवा.

खाडीकाठची: सगळ्यांचे आभार. खाजा, तुमचेही, पण तांदळाचं नको! दोन भावांचं गटाला पटेलसं वाटतंय. मर्यादा घरटी की माणशी यावर भांडण होणार ते मला आत्ताच दिसतंय. सड्यावरची, तुमच्याकडे कशी ठेवलीत?

हापूसवाला दादा, बागा पावसच्या अंगाला की नाट्याच्या? नाट्याकडे असतील तर एसटीने पीठ पाठवता येईल. मळणी दिवाळीनंतर होईल. किती घरं आणि किती किलो ते तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा, म्हणजे मुंबईची ऑर्डर घ्यायच्या आधी तेवढी नाचणी बाजूला काढून ठेवते.