एडीएचडी आणि कंटाळवाणी कामे

प्रश्न: वयाच्या ३४व्या वर्षी मला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड करणाऱ्या मेंदूच्या स्थितीचे, निदान झाले. प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत महिनाभर आधी ठाऊक असूनही कागद जुळवायला बसणे मला शेवटच्या रात्रीपर्यंत जमत नाही. आपण काय करता?

प्रतिसाद: हा आळस नव्हे, दूरची मुदत अशा मेंदूला खरी वाटतच नाही. मी यादीत ‘विवरणपत्र भरणे’ असे न लिहिता ‘फॉर्म १६ (पगार व त्यातून कापलेल्या कराचा दाखला) डाउनलोड करणे’ एवढेच लिहितो आणि २५ मिनिटांचा गजर लावतो. समोर काट्यांचे घड्याळ अवश्य ठेवा, कारण सरकणारा वेळ डोळ्यांना दिसावा लागतो.

प्रतिसाद: माझी बहीण व्हिडिओ कॉलवर स्वतःचे काम करत नुसती सोबत बसते, आणि तेवढ्या तासाभरात माझ्या साऱ्या पावत्या लावून होतात.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. फॉर्म १६ आताच डाउनलोड केला.