मदत हवी आहे: सबटायटलमधल्या ‘ओल्ड हॅट’ला मराठीत काय म्हणावं?

कोंदण:
एका इंग्रजी माहितीपटाची मराठी सबटायटल्स करतेय. त्यात ही दोन वाक्यं आहेत:
‘व्हिडिओ कॉल्स आर ओल्ड हॅट नाउ.’
‘डोन्ट वरी, लाइव्ह शोज आर ओल्ड हॅट टू हर.’
पहिल्याला ‘कालबाह्य’ लिहिलं, पण व्हिडिओ कॉल तर सगळेच करतात. दुसऱ्याचं ‘तिला लाइव्ह शो जुनाट वाटतात’ केलं, तर आधीच्या ‘काळजी करू नका’शी त्याचा मेळच बसत नाही. शिवाय ‘ॲन’ का नाही, आणि ‘हॅट्स’ का नाही?

रानवारा:
‘कालबाह्य’ काढाच. फ्लॉपी डिस्कसारखी वस्तू वापरातूनच गेली, तर इंग्रजीत ऑब्सलीट. ओल्ड हॅट म्हणजे अप्रूप संपलेलं, मग ती गोष्ट रोजच्या वापरात का असेना. ‘व्हिडिओ कॉलचं आता कुणाला अप्रूप?’ हे एका ओळीत बसतं आणि बोलल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वाक्याची किल्ली ‘टू हर’मध्ये आहे. ‘टू’ आणि पुढे व्यक्ती आली, की बहुतेकदा रोख सवयीकडे वळतो. ती स्वतः कार्यक्रम करत असेल, तर ‘लाइव्ह शो म्हणजे तिच्या हातचा मळ’. मात्र त्यात कौशल्याची ग्वाहीही येते. ती नुसती हजर राहणारी असेल, तर ‘तिला लाइव्ह शो काही नवे नाहीत’ एवढंच ठेवा. मागचापुढचा प्रसंग पाहूनच ठरवा.

व्याकरणात हा जोडशब्द विशेषणासारखा चालतो, म्हणून ‘ॲन’ही नाही आणि अनेकवचनही नाही. ‘इट इज ॲन ओल्ड हॅट’ म्हटलं, तर डोक्यावरची खरी टोपी समोर येते. ‘अ बिट ओल्ड हॅट’, ‘रादर ओल्ड हॅट’ चालतं. नामाच्या आधी घ्यायचं तर मध्ये संयोगचिन्ह, पण ते कमी आढळतं.

निरंजन_भाषा:
पहिल्यासाठी ‘नव्याचे नऊ दिवस’ का नको?

रानवारा:
ते मोहात पाडतं, पण त्यात उत्साह ओसरण्याची क्रिया आहे. ‘द नॉव्हेल्टी वोअर ऑफ’ आलं, तर ते चपखल. ओल्ड हॅट ओसरून झाल्यानंतरची स्थिती सांगतं. घासून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाला हॅकनीड म्हणतात, तिथे ‘चावून चोथा झालेला’ शोभतं.

शब्दवेल्हाळ:
दोन खड्डे टाळा. ‘ही इज ॲन ओल्ड हँड’ म्हणजे तो मुरलेला, अनुभवी माणूस. हँड आणि हॅट घाईत ऐकताना हमखास गल्लत होते, म्हणून पटकथेतून खात्री करा. दुसरं, ओल्ड हॅटमध्ये नाक मुरडणं असतं. जुन्या पद्धतीचं कौतुक असेल, तर इंग्रज माणूस ओल्ड-स्कूल म्हणतो. ग्राहकाला ‘युअर डिझाइन इज ओल्ड हॅट’ लिहिलं, तर त्याला ते लागेल. ‘फील्स अ बिट डेटेड’ त्यामानाने सौम्य.

कोंदण:
दुसऱ्या वाक्यातली ‘ती’ निवेदिका आहे, म्हणजे ‘हातचा मळ’. पहिल्याला ‘अप्रूप’ घेतलं. मनापासून आभार!