अ‍ॅमेझॉनच्या जंगलात 40 दिवस: ती चार भावंडं जगली कशी?

अवखळ_वारा:
मे 2023 मध्ये कोलंबियात छोटं विमान पडलं, त्यातली तिन्ही मोठी माणसं गेली आणि चार भावंडं 40 दिवसांनी जिवंत सापडली. वयं 13, 9, 4 वर्षं आणि सर्वांत धाकटं 11 महिन्यांचं. बातम्यांत नुसता ‘चमत्कार, चमत्कार’. मुलांनी नेमकं खाल्लं काय? आणि अख्खं सैन्य मागावर असताना सापडायला एवढे दिवस का लागले? मुलांना घेऊन सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

कंदमूळ:
आधी खाण्याचं. विमानातून निघताना त्यांनी ‘फारिन्या’ बरोबर घेतलं, साधारण 3 किलो. हे कसावाचं भरड पीठ. आपला साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा. कडू जातीचा कसावा कच्चा खाल्ला तर त्यातून सायनाइड तयार होतं, म्हणून तो भिजवून आंबवतात, किसतात, पिळून रस काढून टाकतात आणि मोठ्या तव्यावर कोरडा होईपर्यंत भाजतात. असं पीठ दमट हवेतही टिकतं, शिजवावं लागत नाही, पाण्यात फुगून मऊ होतं.

पण हिशोब करा. 3 किलो म्हणजे जेमतेम 10,000 कॅलरी. चौघांना पोटभर म्हटलं तर दोन दिवस. तेव्हा 40 दिवस पिठावर निघाले नाहीत, ते निघाले रानफळांवर. जंगलात तेव्हा फळांचा हंगाम होता. ‘मिलपेसोस’ नावाच्या ताडाची जांभळट फळं तेलकट असतात, त्यातून स्निग्धांश मिळतो आणि उपासमारीत तोच सर्वांत मोलाचा. पाण्याची ददात नव्हती, पाऊस रोजचाच.

मुलं उइतोतो या आदिवासी समाजातली. कुठलं फळ खायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, हे थोरलीला घरातूनच ठाऊक होतं. धाकट्यांना सांभाळायची सवयही होतीच. माझ्या मते सगळं श्रेय त्या पोरीचं. त्याला चमत्कार म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

बारा_वाटा:
शोधाबद्दल. विमान पडलं 1 मे रोजी, सांगाडा सापडला दोन आठवड्यांनी. तोवर मुलं तिथून निघून गेली होती. शंभरावर कमांडो आणि आदिवासी स्वयंसेवक मिळून 2,600 किमीहून जास्त चालले. मुलं सापडली ती विमानापासून फक्त 5 किमीवर! झाडी इतकी दाट की 20 मीटरपलीकडचं दिसत नाही, आणि पावसाने पावलांचे ठसे धुऊन जातात. पथकं मुलांपासून 20 ते 50 मीटरवरून गेली होती, हे मोहिमेच्या प्रमुखांनीच नंतर सांगितलं.

वाटेत बाळाची दुधाची बाटली, कात्री, केसांचे बंद, अर्धवट खाल्लेली फळं मिळत गेली, त्यावरून दिशा ठरत होती. हेलिकॉप्टरवरच्या भोंग्यांतून आजीचा आवाज ऐकवला, त्यांच्याच भाषेत: जिथे आहात तिथेच थांबा. त्याच मजकुराची सुमारे 10,000 पत्रकं वरून टाकली. 9 जूनला आदिवासी स्वयंसेवकांनाच मुलं दिसली.

अवखळ_वारा:
मग चालत राहणं चुकलंच म्हणायचं का?

बारा_वाटा:
त्यांच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. खायला शोधायचं तर हलावंच लागतं, आणि विमानाजवळ मृतदेह होते. पण ट्रेकवर चुकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला शोधायला माणसं काही तासांत निघतात आणि शेवटचं कुठे दिसलं तिथून सुरुवात करतात. मूल चालत राहिलं की दर तासाला शोधायचं क्षेत्र वाढत जातं. 1981 मध्ये कॅलिफोर्नियाच्या पालोमार डोंगरावर 9 वर्षांचा मुलगा हरवून दगावला, त्यानंतर तिथे ‘हग-अ-ट्री’ हा उपक्रम सुरू झाला. शिकवण साधी: चुकलोय असं वाटलं की जवळचं झाड धर आणि तिथून हलू नकोस.

तयारी अशी करा:
- शिट्टी मुलाच्याच गळ्यात. तीन वेळा वाजवायची, थांबून ऐकायचं, पुन्हा तीन. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते.
- भडक केशरी किंवा पिवळा टी-शर्ट. हिरवा-खाकी नको.
- मोठी प्लास्टिकची पिशवी, चेहऱ्यासाठी आधीच भोक पाडलेली. पावसात अंग कोरडं राहतं.
- निघण्यापूर्वी घडी केलेल्या टॉवेलवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरून मुलाला बूट घालून त्यावर उभं करा. तळव्याचा ठसा उठतो, तो गाडीत ठेवा. शेकडो ठशांतून त्याचाच ओळखायला हाच उपयोगी पडतो.
- ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे आपणच पढवलेलं असतं, त्यामुळे मूल शोधणाऱ्यांपासूनच लपून बसतं. नावाने हाका मारत येणारे तुलाच न्यायला येतात, आणि हरवल्याबद्दल कोणी रागावणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

मूल दिसेना झालं की स्वतः शोधत तासभर घालवू नका. रेंज मिळेल तिथून 112 लावा आणि खालच्या गावातल्या वाटाड्यांना बोलवा.

कंदमूळ:
एक राहिलं. बरेच दिवस उपाशी राहिलेलं मूल सापडलं की लोक मायेने ताट वाढतात. ते धोक्याचं. एकदम भरपूर खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून घोट-घोट पाणी, थोडी पेज, आणि थेट दवाखाना. तिथे डॉक्टर रक्त तपासत हळूहळू आहार वाढवतात. एखाद-दुसरं जेवण चुकलेल्या मुलाला मात्र ही भीती नाही, त्याला खुशाल जेवू घाला.