माणूस हिंसक गुन्ह्यापर्यंत कसा पोहोचतो? गावातील एका घटनेनंतर पडलेले प्रश्न

आंबेराई

सर्व सदस्यांना नमस्कार. मी दक्षिण रत्नागिरीतील किनाऱ्यालगतच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो आणि निवृत्तीनंतरही येथेच राहतो. शिमगा आटोपल्यावर शेजारच्या वाडीत दोन चुलतभावांमध्ये आगराच्या गडग्यावरून (हद्दीच्या दगडी कुंपणावरून) बाचाबाची झाली आणि एकाने दुसऱ्यावर कोयत्याने वार केले. जखमी माणूस वाचला, परंतु त्याच्या उजव्या हाताची बोटे आता वळत नाहीत. वार करणारा माझ्या हाताखाली शिकलेला आहे. दोन्ही घरांची ओळख पटू नये म्हणून याहून अधिक तपशील देत नाही. कृपया कोणी विचारूही नयेत.

गावात याची निरनिराळी कारणे सांगितली जातात. म्हातारी माणसे म्हणतात की हे त्याच्या रक्तातच आहे, कारण त्याचा आजाही असाच शीघ्रकोपी होता. तरुणांच्या मते त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, तर कोणीतरी देवस्की केल्याशिवाय इतका शांत माणूस असे करणारच नाही, असेही काही जण ठामपणे सांगतात. मला यातले एकही पटत नाही. भाऊबंदकीचे वाद आपल्याकडे घरोघरी आहेत. वर्षानुवर्षे तारखा पडतात, बोलणे बंद असते, गणपतीत चाकरमानी आले की जुने विषय पुन्हा निघतात. तरी त्यातला एखादाच हत्यार का उचलतो? ही प्रवृत्ती घेऊन माणूस जन्माला येतो की ती घडत जाते, आणि घडत असेल तर कोणत्या वयात व कशी? ज्यांचा या विषयाशी अभ्यासाने किंवा कामाने संबंध आला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पडवी

गुरुजी, नमस्कार. मी चिपळूणला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

‘रक्तातच आहे’ या समजुतीला एकेकाळी शास्त्राचा मान मिळाला होता. इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ मध्ये असे मांडले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि जबडा, कपाळ, कान यांच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात. चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधील सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे तपासून असा वेगळा शारीरिक प्रकार अस्तित्वातच नसल्याचे १९१३ मध्ये दाखवले. आपल्याकडे मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. त्यामुळे आजाचा दाखला देऊन नातवाचा निकाल लावताना आपण फार जपून बोलले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अनुवंशाचा काहीच वाटा नसतो, असे मात्र नाही. न्यूझीलंडमधील डनिडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या तिसऱ्या वर्षापासून चालू आहे. त्यातील मुलग्यांविषयी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक ज्यांच्यात कमी क्रियाशील होते आणि ज्यांचा बालपणी छळही झाला होता, त्यांच्यात पुढे हिंसक वर्तन बरेच अधिक आढळले. जनुक तसेच असूनही ज्यांचे बालपण बरे गेले, त्यांच्यात ते वाढलेले दिसले नाही. नंतरच्या संशोधनांत हा परिणाम कमीअधिक दिसला आहे. तरीही एकटे जनुक कोणाच्या हातात कोयता देत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

डनिडिनच्या याच अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. पुष्कळ मुले वयात येताना मारामाऱ्या, नासधूस, लहानसहान चोऱ्या करतात आणि विशी ओलांडता ओलांडता आपोआप थांबतात. थोडी मुले मात्र अगदी लहानपणापासून मारकुटी असतात; त्यांना लक्ष एकाग्र करणे आणि मनातले शब्दांत सांगणे जड जाते, आणि नेमके अशा मुलाला सांभाळण्याची ताकद ज्या घरात नाही, तेथे त्याचा जन्म झालेला असतो. मूल हट्टी म्हणून मार बसतो आणि मार बसतो म्हणून ते अधिक हट्टी होते. पुढे शाळा सुटते, सालस मित्र तुटतात आणि उरतात ते त्याच्यासारखेच. ही दुसरी वाट प्रौढपणीही संपत नाही.

बालपणीच्या छळाविषयी कॅथी विडम यांचा १९८९ चा अभ्यास मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ज्यांच्या छळाची किंवा हेळसांडीची न्यायालयात नोंद झाली होती अशा ९०८ मुलांची तुलना त्यांनी तशाच परिस्थितीतील ६६७ मुलांशी केली. हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्के निघाले. म्हणजे धोका वाढतो हे खरे, पण छळ सोसलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना अशी अटक झाली नाही, हेही तितकेच खरे.

आता हे आत नेमके कसे घडते? ज्या घरात थप्पड कधी बसेल याचा नेम नसतो, तेथील मूल समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग सर्वांच्या आधी ओळखायला शिकते आणि हळूहळू नसलेला रागही त्याला दिसू लागतो. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये शाळकरी मुलांपुढे असा प्रसंग उभा केला की त्यांनी जुळवत आणलेले चित्रकोडे दुसऱ्या मुलाकडून मोडले, परंतु ते मुद्दाम मोडले की चुकून, हे स्पष्ट होऊ दिले नाही. आक्रमक मुलांनी त्याचा अर्थ ‘मुद्दाम मोडले’ असाच लावला आणि त्याप्रमाणे उलट वागली. हीच सवय मोठेपणी टिकली तर पहिल्या पावसात गडग्याचा चिरा ढासळला तरी तो भावानेच रात्री हलवला, अशी खात्री वाटू लागते, आणि ज्याला खात्री वाटते तो विचारायला जात नाही.

खाडीकाठ

मी सिंधुदुर्गात वकिली करतो. पडवीताईंनी बालपणाविषयी लिहिले आहे. मी घटनेच्या क्षणाविषयी लिहितो.

हिंसक गुन्हेगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अनोळखी, क्रूर माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील खुनांचे २८,५२२ गुन्हे नोंदलेले आहेत. त्यातील सर्वाधिक, म्हणजे ९,९६२ खून वादातून झाले, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि केवळ १,८८४ आर्थिक लाभासाठी. अमेरिकेतही मार्व्हिन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातील ५८८ खुनांची छाननी करून १९५८ मध्ये दाखवले होते की वरकरणी अगदी क्षुल्लक वाटणारी भांडणे हे तेथील सर्वांत मोठे कारण होते.

परंतु ती खरोखरच क्षुल्लक असतात का? माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात वादाची जागा एका गुंठ्याहूनही कमी होती आणि तीवर एक फणस उभा होता. आरोपी जमिनीविषयी फार थोडे बोलला. भरल्या वाडीत, बायकोमुलांदेखत, ‘तुझ्या बापाला तरी सातबाऱ्यावर जागा होती काय?’ असे त्याला विचारले गेले होते, आणि तेवढे एकच वाक्य तो प्रत्येक भेटीत पुन्हा सांगत असे. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत दीर्घकाळ काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन यांचे म्हणणे असे की गंभीर हिंसेच्या मुळाशी बहुधा असह्य झालेली मानहानी असते. मात्र मान परत मिळवण्याचा दुसरा मार्ग आपल्याजवळ उरला नाही असे माणसाला वाटते, आणि समोरच्याविषयीची करुणा किंवा स्वतःच्या कृत्याची अपराधी भावना आड येत नाही, तेव्हाच ती मानहानी हिंसेत उतरते. आपल्याकडे पालखी आधी कोणाच्या अंगणात थांबणार, नारळाचा मान कोणाचा, यावरून घराघरांत पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे आहेत. बाहेरच्याला यातले गांभीर्य कळणार नाही. ज्याच्याकडे नोकरी नाही, नावावर जमीन नाही आणि गावात शब्दाला किंमत नाही, त्याच्यापाशी तेवढा एक मानच शिल्लक असतो.

म्हणूनच मोजणी करून हद्द कायम झाली तरी वाद मिटत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत जेथे दोन्ही बाजूंना सन्मानाने बसवून ऐकून घेतले गेले, तेथे समेट टिकलेले मी पाहिले आहेत, आणि जेथे दबाव आणून केवळ सह्या घेतल्या गेल्या तेथे ते वर्षभरही टिकलेले नाहीत.

दर्यावर्दी

माझी मासेमारीची नौका आहे आणि मी वरील सर्व लेखन काळजीपूर्वक वाचले. तरीही मनात एक खंत राहते. माझ्या तांडेलाचा (नौकेवरील प्रमुखाचा) बाप दारू पिऊन त्याला वल्ह्याने मारत असे. समुद्रात आठ-आठ दिवस एकत्र काढताना वाट्यावरून, जाळे फाटण्यावरून भांडणे होतात, अपमानही होतात; पण त्याने आजवर कोणा खलाशावर हात उचललेला नाही. मग ज्याने कोयता उचलला त्याचे बालपण आणि मानहानी आपण किती उकलत बसायची? ज्याची बोटे गेली, तो आता दोर कसा ओढणार याविषयी येथे कोणी एक ओळही लिहिलेली नाही.

पडवी

तुमचा आक्षेप रास्त आहे. तुमचे तांडेल विडम यांच्या अभ्यासातील त्या बहुसंख्य माणसांपैकीच आहेत आणि ती कशी सावरतात, यावरही मोठे काम झालेले आहे. बॉस्टन परिसरातील ५०० बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदी घेऊन सॅम्पसन आणि लॉब यांनी पुढे त्यांच्या प्रौढ आयुष्याचा माग काढला, तेव्हा स्थिर रोजगार आणि जिव्हाळ्याचा संसार मिळालेल्यांनी गुन्हे सोडल्याचे प्रमाण अधिक दिसले. तांडेल म्हणून विश्वासाने नौका हाती सोपवली जाणे, हेही त्याच जातीचे बळ आहे.

जबाबदारीचे म्हणाल, तर कारण समजून घेतल्याने ती कमी होत नाही. हिंसा करणारा माणूस स्वतःच्या सद्सद्विवेकाला गप्प कसा करतो, याची अल्बर्ट बांदुरा यांनी तपशीलवार मांडणी केली आहे. ‘त्यानेच मला भाग पाडले’, ‘एवढे काही लागले नाही’, ‘तो त्याच लायकीचा होता’, अशी वाक्ये तो कृत्याच्या आधी आणि नंतरही स्वतःशी घोळवत असतो. सुधारणेचे काम सुरू होते ते ही वाक्ये खोडून काढण्यापासून, आणि जखमी माणसाचे झालेले नुकसान डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय ती खोडता येत नाहीत.

सुरूबन

मी मनोरुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. ‘डोक्यावर परिणाम’ या शब्दांनी मला फार यातना होतात, कारण त्याची शिक्षा आमच्या रुग्णांना भोगावी लागते. गंभीर मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे कधीही कोणावर हल्ला करत नाहीत. उलट मार खाणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते. अमेरिकेतील १९९० च्या एका मोठ्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार समाजातील एकूण हिंसेपैकी सुमारे ४ टक्केच हिंसेचे कारण अशा आजारांत सापडते. दारू आणि अन्य व्यसनांचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा आहे. दारूच्या अमलाखाली माणूस पुढचे पाहू शकत नाही, त्याला फक्त समोरचे तोंड आणि त्यातून आलेला शब्द दिसतो. गुरुजी, त्या दिवशी दोघांपैकी कोणी प्यायले होते का, हे गावाने स्वतःला विचारावे.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. एखादा माणूस नीट झोपत नाही, एकटाच बोलतो आणि अमक्याच शेजाऱ्याने आपल्यावर करणी केली आहे असे ठामपणे नाव घेऊन सांगू लागतो, तेव्हा घरचे त्याला आधी देवऋषीकडे नेतात. तेथे त्या संशयाला दुजोरा मिळाला तर अनर्थ ओढवतो. अशा वेळी एकही आठवडा न दवडता मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

खाडीकाठ

कायदाही हाच भेद करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे, मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे आहे हे कळण्यास त्या क्षणी माणूस असमर्थ असेल तरच तो दोषमुक्त ठरू शकतो. नुसता आजार असणे पुरेसे नसते आणि नुसता संताप तर नाहीच.

आंबेराई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दर्यावर्दी यांनी जखमी माणसाचा विषय काढला, त्यावरून एक गोष्ट लिहितो. दोन्ही घरांतील मुले एकाच शाळेत, एकाच वर्गात आहेत. आरोपीचा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि घटना त्याच्यासमोर घडली. मधल्या सुट्टीत इतर मुले त्याला ‘कोयतेवाल्याचा’ म्हणून चिडवतात आणि गेल्या आठवड्यात त्याने एकाच्या हाताला चावा घेतला. आजच्या बाईंनी मला सल्ला विचारला आहे. त्यांना काय सांगू?

पडवी

बाईंनी पहिल्याच दिवशी ते चिडवणे थांबवावे, कारण ‘तू बापासारखाच’ असे रोज ऐकणाऱ्या मुलाला दुसरे काही होऊन दाखवण्याची जागाच उरत नाही. चावल्याबद्दल त्याला शांतपणे समज द्यावी, मारू मात्र नये. घटनेविषयी वर्गात बोलायला लावू नये. तो आपण होऊन बोलला तर एकांतात ऐकून घ्यावे. झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे, अकारण पोट दुखणे असे काही असेल तर सुरूबनताईंनी दिलेल्या क्रमांकावर आईशी बोलणे करून द्यावे.

एक खेळ पूर्ण वर्गासाठी सुचवते. शिकागोत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम वस्तीतील किशोरांसाठी चालतो. त्यात एका मुलाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो मिळवायला सांगतात. बहुतेक जण झटापट करतात. ‘मला देतोस का?’ असे विचारण्याचे कोणालाच सुचत नाही. मग का विचारले नाही, समोरच्याने दिला नसता असे कशावरून वाटले, यावर चर्चा होते. या कार्यक्रमाच्या काटेकोर चाचण्यांत, सहभागी मुलांना त्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी आढळल्या. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी चेंडूऐवजी खडू चालेल.

जखमी माणसाच्या मुलांकडेही बाईंनी तितकेच लक्ष द्यावे. दोन्ही घरांतील मुलांना एका बाकावर बसवून समेटाचा देखावा करण्याची घाई नको. त्यांना वेगवेगळ्या रांगांत बसवावे, दोघांच्याही वह्या रोज तपासाव्यात, आणि मधल्या सुट्टीत निदान या सत्रापुरती एक मोठी व्यक्ती पटांगणात हजर राहील, अशी व्यवस्था मुख्याध्यापकांशी बोलून करून घ्यावी.